लिंबूटिंबू आणि पंधरा खुर्च्या

यादी फ्रिजवर चिकटवलेली होती. केक, समोसे, फुगे, रिटर्न गिफ्ट आणि सगळ्यात खाली ‘खेळ – मामा’. सकाळच्या एसटीने कऱ्हाडहून आलेल्या मामांनी पाणी पिता पिता ती वाचली, पिशवीतून शिट्टी काढली आणि टेबलावर ठेवली. भाचीच्या मुलीचा सहावा वाढदिवस दुसऱ्या दिवशी होता. कोथरूडमधल्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये तिला धरून १६ मुलं जमणार होती, पाच ते आठ वर्षांची.

“पहिला खेळ संगीत खुर्ची,” मामा म्हणाले. “१५ खुर्च्या मांडायच्या, गाणं लावायचं. दोन मिनिटांत पोरं तापतात.”

“मामा, संगीत खुर्ची सोडून काहीही घ्या,” भाची म्हणाली.

मामा सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात तीस वर्षं पी.टी.चे सर होते. भाची पुण्यात मुलांची नाट्यशिबिरं घेते. अनोळखी पोरांचा घोळका समोर आला की त्याला तासाभरात एकमेकांत मिसळवायचं, हेच काम दोघांनी आपापल्या जागी वर्षानुवर्षं केलेलं. त्यामुळे त्या दिवशी स्वयंपाकघरात जुंपलेला वाद चहाची तीन आधणं होईपर्यंत चालला.

मुलं तीन ठिकाणांहून येणार होती. सहा शाळेतली, सहा सोसायटीतली आणि तीन कऱ्हाडची भावंडं. शाळेतली आपसात इंग्रजी बोलतात, सोसायटीत खाली हिंदी चालते, कऱ्हाडच्या पोरांना मराठीवाचून कधी अडलेलं नाही. अशा जमावात सगळ्यांना ओळखणारं मूल एकच असतं, ज्याचा वाढदिवस आहे ते. आणि नेमकं तेच दारात उभं राहून भेटी घेण्यात, मोठ्यांना नमस्कार करण्यात अडकलेलं असतं. एकमेकांची ओळख करून द्यायला कोणी उरत नाही. पहिल्या खेळावर सगळा भार येतो तो यामुळे.

भाचीने वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. १६ मुलं म्हणजे १५ फेऱ्या. एका फेरीला दीड मिनिट धरलं तर खेळ साडेबावीस मिनिटं चालणार. पहिल्या फेरीत बाद झालेलं मूल त्यातली २१ मिनिटं भिंतीला टेकून बसणार. बाद झालेल्या सगळ्यांचा बसून काढलेला वेळ जोडला तर तो अडीच तासांच्या वर जातो.

“आणि पहिल्या फेरीत बाद कोण होतं, मामा? तुम्ही हा खेळ शेकडो वेळा घेतलाय.”

मामा जरा थांबले. “सगळ्यात लहान असतं ते,” ते म्हणाले. “नाहीतर मग, जे धक्का द्यायला लाजतं ते.”

“म्हणजे ज्याला मिसळायला सगळ्यात जास्त वेळ लागणार, तेच सगळ्यात आधी बाहेर.”

“अगं, पण मग हरायला शिकायचं कधी? हल्ली भाग घेतला म्हणून पदक, आला म्हणून पदक. पोराला एकदा बाद तर होऊ दे. रडेल, डोळे पुसेल, पुन्हा येईल.” मामांनी पुरावाही दिला, आणि तो नातीनेच सुट्टीत त्यांना दाखवला होता. ‘ब्लुई’ या ऑस्ट्रेलियन कार्टून मालिकेत पासिंग द पार्सलवर एक भाग आहे. पार्सलच्या प्रत्येक थरात एकेक छोटी भेट ठेवायची म्हणजे कोणी हिरमुसत नाही, अशी तिथल्या आईबापांची रीत. लकी नावाच्या पोराचे बाबा मात्र जुन्या पद्धतीने एकच मोठं बक्षीस अगदी आतल्या थरात ठेवतात. पहिल्या पार्टीत रडारड होते, बाकीचे पालक वैतागतात. पण पुढच्या पार्ट्यांमध्ये मुलांनाच त्या खेळाची गोडी लागते. “लकीच्या बापाचं बरोबर आहे,” मामा म्हणाले.

“बरोबरच आहे,” भाचीने मान्य केलं. “पण ती पोरं एकमेकांची रोजची भिडू आहेत. ओळखीच्यांत हरलं की चिडवतात आणि विसरतात. परक्या पोरांत हरलं की तीच आपली ओळख होऊन बसते. मी बाद करू नका म्हणत नाही. ओळख व्हायच्या आत करू नका, एवढंच म्हणते.”

मग तिने आपल्याकडच्या पार्सलची आठवण काढली. वर्तमानपत्राचे थर, आणि प्रत्येक थरात बक्षिसाऐवजी चिठ्ठी. नाचून दाखव, माकडासारखं चाल, गाणं म्हण. गाणं थांबतं, ज्याच्या हातात पार्सल राहिलं ते कागद फाडतं, आणि अख्खी खोली त्याच्याकडे बघायला लागते, मोबाइल वर धरलेले आईबापसुद्धा. गेल्या वर्षी एका वाढदिवसाला तिने हे जवळून पाहिलं होतं. पाच वर्षांचा मुलगा. त्याला अजून वाचता येत नव्हतं, म्हणून चिठ्ठी दुसऱ्याच कोणीतरी मोठ्याने वाचली. “कर ना, कर ना,” असा गलका झाला. त्याने शर्टाची कॉलर तोंडात धरली. मग ते पार्सल काचेचं असावं तसं दोन्ही हातांनी हळूच खाली ठेवलं आणि तो दाराशी जाऊन आपल्या चपला शोधायला लागला.

मामांनी कप खाली ठेवला. “हे मीपण केलंय,” ते म्हणाले.

तेव्हा वाड्यांवर जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत असायची. पाचवीला मामांच्या हायस्कुलात चार वाड्यांवरची पोरं यायची. जूनच्या पहिल्या दिवशी मैदानावर चार वेगवेगळे पुंजके उभे असायचे, एकेका वाडीचा एकेक. “मी एकेकाला पुढे बोलवायचो, नाव सांग म्हणायचो. काही पोरं नावसुद्धा सांगायची नाहीत. मला वाटायचं, उद्धट आहेत. दोन-तीन वर्षांनी डोक्यात प्रकाश पडला. मग ‘डोंगराला आग लागली’ घ्यायला लागलो. सगळ्यांनी पळायचं, मी आकडा ओरडायचा, तेवढ्यांनी हात धरून गट करायचा. तीन म्हटलं की एकाच वाडीचे तीन धरायचे. पण अकरा म्हटलं की वाडीत पोरं कमी पडायची. मग शेजारच्या वाडीतलं ओढून आणायला लागायचं. ज्याला हाताला धरून ओढलंय, त्याच्याशी नंतर कोण अबोला धरणार?”

“आणि जी उरायची ती?”

“आधी बाद करायचो. मग एकदा सहज, उरलेल्या पोरालाच म्हटलं, पुढचा आकडा तू ओरड. त्या दिवसापासून पोरं मुद्दाम उरायला लागली.”

भाचीने हे लिहून घेतलं. शिबिरात ती याच कामासाठी व्हायोला स्पोलिनचे खेळ वापरते. स्पोलिन ही अमेरिकन नाट्यशिक्षिका. शिकागोत नेव्हा बॉइड यांच्याकडे तिने खेळांमधून गट बांधायचं शिक्षण घेतलं. पुढे त्याच शहरात देशोदेशींहून आलेल्या स्थलांतरितांच्या मुलांबरोबर तिने काम केलं. मुलांची भाषा एक नाही, चालीरीती एक नाहीत, तरी रंगमंचावर त्यांना एकत्र आणायचं होतं. त्यातून जे खेळ घडत गेले ते १९६३ साली पुस्तकात आले आणि आज जगभरच्या नाट्यशिबिरांत घेतले जातात. त्यातला आरशाचा खेळ भाचीचा आवडता. दोघांनी समोरासमोर उभं राहायचं, एकाने हळूहळू हात हलवायचा, दुसऱ्याने आरशासारखं तसंच करायचं. एक शब्द बोलावा लागत नाही. कऱ्हाडची मराठी आणि शाळेतली इंग्रजी यांची गाठ या खेळात अडत नाही.

“पाच वर्षांची पोरं आरशापुढे किती वेळ टिकतील?” मामांनी विचारलं. “दोन मिनिटं. तिसऱ्या मिनिटाला एक जण जीभ काढणार आणि आरसा फुटणार.” भाची हसली, पण आरसा यादीतून खोडला. मामांचं म्हणणं खरं होतं. हा खेळ आठ-नऊ वर्षांनंतर रंगतो, आणि तोही खोली जरा शांत असेल तर. वाढदिवसाच्या खोलीत शांतता नसते, तिची अपेक्षाही धरू नये.

आता मामांनी आपला हुकमी पत्ता काढला. “मामाचं पत्र. त्यात बाद नाही, धक्काबुक्की नाही, गोल करून बसायचं.”

“तो तर काळ्या यादीत आहे, मामा.”

नील विल्यम्स या अमेरिकन शारीरिक शिक्षणतज्ज्ञाने १९९२ साली एका लेखात, शाळेच्या पी.टी.च्या तासाला शोभत नाहीत अशा खेळांची नावानिशी यादी दिली होती. तिच्यात डॉजबॉल होता, संगीत खुर्ची होती, आपल्या रुमाल उचलण्याच्या खेळाचा अमेरिकन भाऊ होता. आणि ‘डक डक गूज’ही होता, म्हणजे मामाच्या पत्राचा चुलत भाऊच. तिथेही मुलं गोल बसतात, एक जण मागून फिरतो आणि ज्याला निवडतो तो उठून त्याच्यामागे धावतो. आक्षेप असा की एका वेळी दोघंच धावतात, बाकीचे नुसते बसून असतात, आणि नावडत्या मुलाच्या वाट्याला पाळी येतच नाही.

मामा खुर्चीत सरळ बसले. “पी.टी.च्या तासापुरतं त्याचं खरं आहे. ३५ मिनिटांचा तास, त्यात पोरांचा घाम निघाला पाहिजे. पण वाढदिवस म्हणजे पी.टी.चा तास नव्हे. गोलात बसलेलं पोर काहीच करत नाही असं तुला कोणी सांगितलं? ते बघत असतं. कोण कुणाच्या मागे टाकतंय, कोण चिडतंय, कोण हसतंय. लाजऱ्या पोराला अशी बघायला जागा लागते. उभं राहून बघितलं तर लोक विचारतात, का रे खेळत नाहीस? गोलात बसून बघितलं तर कोणी विचारत नाही. तेही खेळातच असतं.”

या वादात मामांचं पारडं सगळ्यात जड झालं ते इथे. भाचीनेच त्याला जोड दिली. मिल्ड्रेड पार्टेन हिने मिनेसोटा विद्यापीठाच्या बालवाडीत एकेका मुलाकडे एकेक मिनिट, असं पुन्हा पुन्हा पाहून मुलं एकमेकांत कशी वावरतात याच्या सहा तऱ्हा नोंदवल्या. तो अभ्यास १९३२ साली प्रसिद्ध झाला आणि बालशिक्षणात अजून शिकवला जातो. त्या सहांतली एक तऱ्हा म्हणजे बघत राहणं. मूल खेळणाऱ्यांच्या बोलण्याच्या अंतरावर उभं राहतं, त्यांना काही विचारतंही, पण आत शिरत नाही. दारात पाय ठेवल्या ठेवल्या “जा, खेळ जा” म्हणून पाठीवर थाप मारणारे पालक मुलाची ही पायरीच काढून घेतात.

“पण टोळीचं काय?” भाची म्हणाली. “शाळेतली पोरं शाळेतल्यांच्याच मागे पत्र टाकतील.”

“तर नियम घालू. ज्याचं नाव माहीत नाही, त्याच्याच मागे टाकायचं. आणि पकडलं की नाव विचारायचं.”

पत्र यादीत आलं. पण पहिलं नाही, कारण भाचीची एक अडचण बाकी होती, आणि तिच्याकडे पालकांचं सहसा लक्ष जात नाही. पत्रिकेत सहाची वेळ असते. चार मुलं वेळेवर येतात, सहा जण साडेसहाला, उरलेली ट्रॅफिकमधून पावणेसातला. आधी सुरू झालेल्या खेळात उशिरा आलेलं मूल कसं शिरणार? संगीत खुर्चीत शिरताच येत नाही. रिलेमध्ये संघ आधीच पडलेले. गोलात जागा करून द्यावी लागते, म्हणजे खेळ थांबवून सगळ्यांनी नव्या मुलाकडे बघायचं. पहिला खेळ असा हवा, की जो केव्हाही येईल तो बाजूने शिरेल आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही.

मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आमच्या गल्लीत लिंबूटिंबू असायचं.”

प्रत्येक गल्लीत असायचं. कोणाचं तरी धाकटं भावंड, मोठ्याच्या शेपटीला बांधल्यासारखं मागे आलेलं. त्याला खेळात घ्यायचं, पळू द्यायचं, पकडायचंही. पण ते आऊट होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही. कोणी शिकवलेला नियम नव्हता हा. आईने धाकट्याला सांभाळ म्हटलंय आणि खेळही सोडायचा नाही, या पेचातून पोरांनीच शोधलेली सोय होती. लिंबूटिंबू चार-सहा महिने नुसतं पळायचं, आणि एके दिवशी स्वतःच म्हणायचं, आता माझ्यावरपण राज्य द्या.

“आज कोणाला लिंबूटिंबू म्हटलं तर ते रडेल, मामा. सहा वर्षांच्या पोराला ते कमीपणाचं वाटतं.”

“एकट्याला म्हटलं तर रडेल. पहिल्या खेळात सगळ्यांनाच ठेव की लिंबूटिंबू.”

भाची उठून कपाटातून चादर घेऊन आली. रंगीत, डबल, ९० बाय १०० इंचांची. तिने कडांचा हिशेब केला. चारी बाजू मिळून साडेएकतीस फुटांच्या थोडं वर, म्हणजे १६ मुलांना प्रत्येकी जेमतेम दोन फूट. पुरतंय. सगळ्यांनी कडेला धरायचं, मधे हलके गोळे टाकायचे आणि चादर हलवून ते उडवायचे, खाली पडू द्यायचे नाहीत. चार मुलांनी सुरू करता येतं. पाचवं आलं की कडेला धरतं. बाद कोणी नाही, भाषा लागत नाही, कोणा एकाकडे कोणी बघत नाही, कारण सगळ्यांचे डोळे गोळ्यांवर. आणि एकाने चादर सोडली की सगळ्यांचे गोळे घरंगळतात, त्यामुळे शेजारच्याला “घट्ट धर” म्हणावंच लागतं. पहिलं वाक्य तिथे बोललं जातं.

गोळे म्हणून मामांना फुगे हवे होते. भाचीने नको म्हटलं. फुटलेल्या फुग्याचा तुकडा लहान मूल तोंडात घालतं आणि तो घशात बसतो. आठ वर्षांखालच्या मुलांसाठीचा हा इशारा अमेरिकेत फुग्यांच्या पाकिटावर छापावाच लागतो. फुगे छताजवळ टांगायचे ठरले आणि गोळ्यांसाठी मोज्यांचे १२ जोड गुंडाळून ठेवले गेले.

राहता राहिली रस्सीखेच. मामांनी दोरखंड कऱ्हाडहून आणलाच होता. “मुलं विरुद्ध मुली,” ते म्हणाले, आणि भाचीने कपाळाला हात लावला. तिने त्यांना १९५४ सालचा मुझफ्फर शेरीफ यांचा प्रयोग सांगितला. ओक्लाहोमातल्या रॉबर्स केव्ह इथे ११ वर्षांच्या आसपासची २२ मुलं उन्हाळी शिबिराला नेली होती. त्यांचे दोन गट केले, एकाचं नाव ईगल्स, दुसऱ्याचं रॅटलर्स. बेसबॉल, रस्सीखेच, बक्षिसं अशा चढाओढी लावल्यावर थोड्याच दिवसांत झेंडे जाळण्यापर्यंत आणि एकमेकांच्या खोल्यांवर धाडी घालण्यापर्यंत मजल गेली. नुसतं एकत्र जेवायला बसवून ते मिटलं नाही. मिटायला लागलं ते दोन्ही गटांना एकत्र येऊनच पार पडेल असं काम दिल्यावर. बंद पडलेलं पिण्याचं पाणी सुरू करायचं, जेवण आणणारा अडकलेला ट्रक ओढायचा.

“कशाने ओढला?” मामांनी विचारलं.

“रस्सीखेचीच्याच दोराने.”

मामांनी आपल्या दोरखंडाकडे पाहिलं आणि तो पुन्हा पिशवीत ठेवला. तरी संगीत खुर्ची त्यांनी सोडली नाही. आठ वर्षांची पोरं नुसत्या चादरीवर आणि पत्रावर राहत नाहीत, त्यांना जिंकायला काहीतरी लागतं, हे ते पुन्हा पुन्हा सांगत होते. त्यात चूक काही नव्हतं. मोठ्या मुलांसाठी सगळंच गोड गोड ठेवलं तर तासाभराने ती कंटाळून सोफ्यावरून उड्या मारायला लागतात. सगळ्यांनी उरलेल्या खुर्च्यांवर दाटीवाटीने बसायचं, हा कॅनडाच्या टेरी ऑर्लिक यांनी रुजवलेला प्रकार भाचीने सुचवला. मामांनी क्लबहाऊसच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची आठवण करून दिली, एकीवर सहा जण बसले की तिचा पाय तुटणार. शेवटी तडजोड झाली. संगीत खुर्ची शेवटी, केक कापायच्या आधी. दर फेरीला दोन खुर्च्या काढायच्या, म्हणजे १५ ऐवजी आठ फेऱ्या. आणि जे बाद होईल त्याने पुढच्या खुर्च्या उचलायला यायचं.

दुसऱ्या दिवशी सहा वाजून दहा मिनिटांनी चादरीला चार मुलं होती. पावणेसातला चौदा. मोजे चादरीपेक्षा जमिनीवरच जास्त पडत होते आणि ते गोळा करायला कऱ्हाडचा मोठा आणि शाळेतली एक मुलगी टेबलाखाली एकत्र घुसत होती. ‘डोंगराला आग लागली’त मामांनी आकडा सात दिला तेव्हा शाळेतल्या सहा जणांनी सोसायटीतल्या एका मुलाला दोन्ही दंडांना धरून अक्षरशः उचलून आणलं. पत्राच्या वेळी नियम पहिल्या दोन फेऱ्या पाळला गेला, तिसरीत वाढदिवसाच्या मुलीनेच मोडला.

सोसायटीतला सात वर्षांचा एक मुलगा मात्र आल्यापासून दाराजवळ चपलांच्या ढिगापाशी उभा होता. चादर झाली, आग झाली, पत्र झालं. त्याला कोणी काही म्हणू नये, असं भाचीने सगळ्या आईबापांना आधीच सांगून ठेवलं होतं. खुर्च्या मांडताना मामा त्याच्याजवळ गेले, आपला मोबाइल त्याच्या हातात दिला आणि गाणं कुठे थांबवायचं ते दाखवलं. “पाठ करून उभा राहा,” त्यांनी सांगितलं. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, पण दर फेरीत खांद्यावरून मागे बघत होता.

शेवटी एक खुर्ची उरली. एका बाजूला कऱ्हाडची धाकटी, दुसऱ्या बाजूला शाळेतला एक उंच मुलगा. खुर्च्या उचलून झालेली बाकी सगळी मुलं भोवती कोंडाळं करून टाळ्या वाजवत होती. गाणं सुरू झालं. दोघं फिरायला लागली. कडवं संपलं, दुसरं आलं. तो मुलगा आता भिंतीकडे पाठ करून, मोबाइल छातीशी धरून सरळ त्यांच्याकडेच बघत होता आणि बोट हलवत नव्हता. दोघं फिरत राहिली, मग हसायला लागली, मग गरगरून एकमेकांचे हात धरून फिरायला लागली. गाणं आपोआप संपलं आणि दोघंही एकाच खुर्चीवर आदळली.

“कोण जिंकलं? कोण जिंकलं?” सगळ्यांनी एकच ओरडा केला. मामा खिशात शिट्टी चाचपत होते, आणि मोबाइलवाला मुलगा कोंडाळ्यातून वाट काढत खुर्चीपाशी येऊन म्हणत होता, “फिरसे, फिरसे, अब की बार सच में रोकूँगा.”